माळ्यावरच्या कॅसेटी वाचवायच्या तर

गोव्यात बऱ्याच घरांत कॅसेटींचा एखादा डबा अजून माळ्यावर असतो. वरच्या थरात बाजारातून आणलेली नाट्यगीतं आणि अभंग, खाली हातानं नाव लिहिलेल्या कॅसेटी: जत्रेतलं नाटक, चवथीची घुमट आरती, सप्ताहातलं भजन, आजीच्या ओव्या. या कॅसेटी संगणकावर उतरवायच्या तर सुरुवात या खालच्या थरापासून करायची. बाजारातल्या कॅसेटीची दुसरी प्रत कुठेतरी सापडेल, मंडळाच्या भजनाची सापडणार नाही. गाण्यांच्या ॲपवर तर ती कधीच नव्हती.

काम डिसेंबर ते फेब्रुवारीत काढा. पावसाळ्यात आपल्याकडच्या हवेत इतकी ओल असते की बंद कपाटातही टेपवर बुरशी धरते, आणि एकदा डबा उघडला की कॅसेटी आठवडाभर तरी बाहेर राहतात.

कॅसेट हातात आली की सर्वांत आधी तिच्या वरच्या काठाच्या दोन्ही टोकांना असलेल्या प्लास्टिकच्या छोट्या चिपा मोडून टाका. त्या मोडल्या की रेकॉर्डचं बटण दाबलंच जात नाही. जुन्या यंत्राशी झटापट करताना चुकून त्यावर नवं रेकॉर्ड होणं हा सगळ्यात वाईट अपघात, आणि तो टाळायला फक्त दोन सेकंद लागतात.

मग खिडकीतून टेपची गुंडाळी उजेडात धरून पाहा. कडेवर पांढरे ठिपके किंवा भुकटी दिसली, कुबट वास आला, तर ती बुरशी. अशी कॅसेट यंत्रात घालू नका. बुरशी हेडला, म्हणजे टेप वाचणाऱ्या भागाला, लागते आणि पुढच्या प्रत्येक चांगल्या कॅसेटीत जाते, शिवाय चिकटलेली टेप ओढली जाऊन तुटते. ती हवाबंद डब्यात सिलिका जेलसोबत आठवडाभर ठेवा; दहा-बारा कॅसेटींना १०० ग्रॅम जेल पुरतं. उन्हात ठेवू नका, कवच वाकतं. तांदळातही पुरू नका, पिठाची धूळ टेपवर बसते. सुकल्यावर अंगणात किंवा बाल्कनीत, तोंडाला मास्क लावून, कवचाचे पाच स्क्रू काढा आणि गुंडाळीच्या कडा कोरड्या मऊ कापडानं हळू पुसा. बंद करून षट्कोनी पेन्सिल चक्रात घालून टेप एकदा पुढे, एकदा मागे सावकाश फिरवा. कवच स्क्रूचं नसून चिकटवलेलं असेल तर सांध्यावर पातळ पातं चालवून ते फोडा आणि दोन्ही चक्रं टेपसह स्क्रूच्या रिकाम्या कवचात बसवा. टाकाऊ कॅसेटी जपून ठेवायच्या त्या यासाठीच.

टाकाऊ कॅसेटीचा दुसरा उपयोग म्हणजे तिची गादी. टेपच्या मागे, मधोमध, पितळी पट्टीवर लोकरीचा छोटा चौकोन असतो. तो टेपला हेडवर दाबून धरतो. दमट हवेत त्याचा डिंक सुटतो. टाळांचा आवाज मध्येच बोथट होऊन परत येत असेल तर आधी ही गादी पाहा. पट्टीसकट दुसरीतून काढून बसवता येते.

यंत्रावर पैसे कुठे घालावेत? यूएसबी वायर लावलेले स्वस्तातले प्लास्टिकचे प्लेअर घेऊ नका. त्यांची मोटर गती धरत नाही, हार्मोनियमचा लांब सूर डळमळतो आणि तो दोष नंतर काढणं जवळपास अशक्य असतं. त्यापेक्षा जुना डेक (स्पीकर नसलेलं कॅसेटचं यंत्र) घ्या, बेल्ट बदलून घ्या, मागे आवाज बाहेर काढणारी दोन आरसीए भोकं (लाइन आउट) आहेत याची खात्री करा. त्याच्यापुढे लाइन इन असलेला साधा यूएसबी ऑडिओ इंटरफेस, म्हणजे डेकचा आवाज लॅपटॉपमध्ये नेणारी डबी, लागतो. लॅपटॉपच्या भोकात वायर थेट खुपसू नका: ते बहुधा माइकचं असतं, एकाच वाहिनीचं, आणि डेकचा सिग्नल त्याला इतका मोठा पडतो की आवाज फाटतो. महागडा इंटरफेसही नको. डॉल्बीशिवायच्या (टेपची ‘सूं’ कमी करणारी पद्धत न वापरलेल्या) कॅसेटीत सर्वांत मोठ्या आवाजापासून टेपच्या ‘सूं’पर्यंत जेमतेम ५०-५५ डेसिबलचं अंतर असतं, आणि साध्या १६ बिटच्या ध्वनिमुद्रणात ९६ डेसिबल मावतं. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ मिळालं तर पातळी लावताना मोकळीक मिळते, एवढंच.

दर तीन-चार कॅसेटींनंतर हेड आणि टेप ओढणारा कॅपस्टनचा दांडा आयसोप्रोपिल अल्कोहोलात भिजवलेल्या कापसाच्या काडीनं पुसा. त्या दांड्यावर टेप दाबणाऱ्या रबरी पिंच रोलरला ओलं फडकं पुरे. तपकिरी डाग येणं थांबेपर्यंत काड्या बदलत राहा.

आता ज्याकडे फार कमी लोक लक्ष देतात ती गोष्ट: हेडचा कोन. घरची कॅसेट ज्या टेपरेकॉर्डरवर भरली त्याचं हेड तुमच्या डेकच्या हेडपेक्षा किंचित तिरकं असू शकतं. तेवढ्यानं टाळ, चिपळ्या, ‘स’ आणि ‘श’ सगळे बोथट होतात, आणि लोक म्हणतात कॅसेट खराब झाली. हेडच्या बाजूला स्प्रिंगवाला छोटा स्क्रू असतो. दोन्ही वाहिन्या एकत्र करून मोनोत ऐका, टेप चालू असताना तो स्क्रू एक अष्टमांश फेऱ्यानं इकडे-तिकडे फिरवा आणि टाळ सर्वांत लख्ख वाजेल तिथे थांबा. हे प्रत्येक घरच्या कॅसेटीला वेगळं करावं लागतं. सगळं संपल्यावर कंपनीच्या चांगल्या कॅसेटीवर कोन परत आणून ठेवा. डॉल्बीचं बटण बंद ठेवून सुरुवात करा; कॅसेटीवर डॉल्बीची खूण असेल तरच चालू करा.

ऑडॅसिटी या मोफत ध्वनिमुद्रण सॉफ्टवेअरमध्ये पातळी लावताना गायकाचा आवाज धरू नका, घुमटाची किंवा पखवाजाची जोरकस थाप धरा. ती उणे ६ डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका. डिजिटलमध्ये कापली गेलेली थाप परत येत नाही. लॅपटॉपचा चार्जर काढा, नाहीतर गुणगुण उतरते. मग एक बाजू अखंड चालू द्या. सी-६० ला (दोन्ही बाजू मिळून ६० मिनिटांच्या कॅसेटीला) एक तास लागतोच, घाईचा मार्ग नाही.

गती बरोबर आहे का हे कसं कळणार? विजेवर चाललेल्या टेपरेकॉर्डरनं किंवा ॲम्प्लिफायरनं ५० हर्ट्झची गुणगुण टेपवर सोडलेली असते. गाणं थांबलेली जागा निवडून ऑडॅसिटीत स्पेक्ट्रम (कोणत्या वारंवारतेचा आवाज किती, याचा आलेख) काढा, त्यातला ‘साइज’ ६५५३६ ठेवा. टोक ५० ऐवजी ५२ वर असेल तर टेप ४ टक्के जलद चालली आहे. तेवढी गती कमी करा. १०० आणि १५० वरची टोकंही पडताळा, तिथे फरक ठळक दिसतो. जत्रेतलं ध्वनिमुद्रण जनरेटरवर झालेलं असेल तर हा हिशेब धरू नका, जनरेटरची वारंवारता हलते. तिथे हार्मोनियमचा आधार घ्या: ट्यूनर ॲपवर पेटीची पट्टी, काळी चार किंवा पांढरी एक, पाहा. अर्धा स्वर सरकणं म्हणजे सुमारे ६ टक्के. पण देवळातली पेटी थोडी उतरलेली असायचीच, म्हणून किरकोळ फरकाला हात लावू नका.

उतरवलेली मूळ फाइल, दुरुस्त न करता, फ्लॅकमध्ये (आवाज न घटवता फाइल लहान करणारा प्रकार) ठेवा. एमपीथ्री फक्त व्हॉट्सॲपवर पाठवण्यापुरती. खरखर काढायची तर प्रतीवर काढा, आणि ६ डेसिबलवर थांबा. सॉफ्टवेअरला खरखरीचा नमुना देताना त्या तुकड्यात तंबोरा किंवा सूरपेटी वाजत नाही ना पाहा. सॉफ्टवेअरला अखंड सूर आणि टेपचा आवाज सारखेच वाटतात, ते सूरच पुसून टाकतं. १२-१५ डेसिबल काढलेलं भजन पाण्याखालून आल्यासारखं ऐकू येतं. दुकानातून काम करून घेणार असाल तर हेच आधी ठरवा: दुरुस्त न केलेली फ्लॅक फाइल मिळणार की नाही. नुसती एमपीथ्री देणाऱ्याला कॅसेट देऊ नका.

नाव देताना साल, गाव, प्रसंग, माणसं: ‘१९८७-म्हार्दोळ-जायांची पूजा-भजन-बाजू अ’. पेटीवर कोण, पखवाजावर कोण हे सांगणारी माणसं आहेत तोवर ऐकवून लिहून घ्या. एका सी-६० ची २४ बिट फ्लॅक ६००-७०० एमबीच्या आसपास होते, म्हणजे गुगलच्या मोफत १५ जीबीत वीसेक कॅसेटी. त्याशिवाय एक हार्ड डिस्क घरी आणि एक मुंबई-पुण्याच्या नातेवाइकाकडे. पेनड्राइव्हला प्रत समजू नका.

बाजारातल्या कॅसेटी उतरवाव्या का? ज्या तुम्हाला खरंच ऐकायच्या आहेत त्या जरूर. ॲपवर ‘डाउनलोड’ केलेलं गाणं कुलूपबंद असतं: वर्गणी संपली किंवा कंपन्यांमधला करार संपला की तुमच्या फोनवरून जातं. विकत घेतलेली कॅसेट मात्र तुमचीच. १९५७ च्या प्रताधिकार कायद्याचं कलम ५२ खासगी वापरासाठी वाजवी व्यवहाराला मुभा देतं. यूट्यूबवर चढवणं त्यात बसत नाही. ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षं, म्हणजे १९८५ ची कॅसेट २०४५ अखेरपर्यंत. गीत आणि चाल यांचा हक्क वेगळा, कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. मंगेशीचे मास्टर दीनानाथ १९४२ साली गेले, त्यांच्या हयातीत निघालेल्या तबकड्यांवरचा ध्वनिमुद्रणाचा हक्क संपला आहे. जितेंद्र अभिषेकी १९९८ साली गेले, त्यांच्या चालींवरचा २०५८ अखेरपर्यंत आहे. मंडळाच्या भजनाचं म्हणाल तर गाणाऱ्यांना किंवा त्यांच्या घरच्यांना विचारा आणि त्यांची प्रत त्यांना आधी द्या. मंडळाचं गाणं परस्पर चढवून त्यावर जाहिराती लावणं योग्य नाही.

उतरवून झाल्यावर कॅसेट फेकू नका. टेप पूर्ण एका बाजूला गुंडाळा, कव्हरात घालून उभी ठेवा, स्पीकरपासून दूर, हवाबंद डब्यात सिलिका जेलसह. निळं जेल गुलाबी झालं की ओव्हनमध्ये १२० अंशांवर दोन तास तापवून पुन्हा वापरता येतं. मे अखेरीस एकदा आणि चवथीनंतर एकदा पाहिलं की पुरे.