जेपीजी की पीएनजी? फोटो पाठवायच्या आधी हे बघा

मागच्या गणपतीत मंडळाच्या फ्लेक्सवर आमचा लोगो चक्क पांढऱ्या चौकोनात छापून आला, मागे भगवा रंग आणि मधे हा चौकोन, सगळ्यांनी फ्लेक्सवाल्याला शिव्या घातल्या पण चूक माझी होती, लोगो मी जेपीजीत पाठवला होता. (जेपीजी, पीएनजी म्हणजे चित्र सेव्ह करायचे फाइलचे प्रकार.) जेपीजीत पारदर्शक भाग राहतच नाही, तिथे बहुतेक वेळा पांढरं भरलं जातं. लोगो पीएनजीत द्यायचा, आणि डिझायनरकडे मूळ कोरलड्रॉ या डिझाइन सॉफ्टवेअरची सीडीआर फाइल किंवा एसव्हीजी (ठिपक्यांऐवजी रेषा-आकारांनी बनलेली फाइल) असेल तर तीच मागून घ्या, ती कितीही मोठी केली तरी फाटत नाही.

बाकी वेळी एकच बघायचं, कॅमेऱ्याने काढलेला फोटो आहे का अक्षरं-रेषा असलेलं चित्र. फोटो असेल तर डोळे झाकून जेपीजी. 1992 चं जुनं खोड आहे पण कुठेही उघडतं. ते फोटोचे 8 बाय 8 पिक्सेलचे तुकडे पाडतं आणि डोळ्याला फारसं जाणवणार नाही तेवढं टाकून देतं, म्हणून फाइल लहान होते. आभाळ, चेहरे, झाडं यात ते खपून जातं, अक्षरांच्या कडेला मात्र मळकट ठिपके दिसायला लागतात. म्हणून स्क्रीनशॉट आणि पत्रिकेचा मजकूर पीएनजीत ठेवा, ते काहीच टाकत नाही. पण म्हणून लग्नाचा अख्खा अल्बम पीएनजीत ठेवू नका, पेनड्राइव्ह भरेल आणि डोळ्याला फरक शून्य. जेपीजीचं पीएनजी केलं म्हणून गेलेली क्वालिटी परत येते असंही काही नाही हं.

अजून एक, जेपीजी एडिट करून परत परत सेव्ह केलं की दरवेळी थोडं थोडं बिघडत जातं, त्यामुळे ओरिजिनलला हात न लावता कॉपीवर काम करा. व्हॉट्सअ‍ॅपवरून छपाईला पाठवताना फोटो म्हणून नाही तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर व्हॉट्सअ‍ॅप तो दाबून लहान करतं.

जिफमध्ये 256 च रंग बसतात, हलती चित्रं सोडून त्याच्या नादी लागू नका. वेबपी हा फाइलप्रकार गूगलने 2010 मध्ये आणला, वेबसाइटसाठी मस्त, पण काही फॉर्म आणि दुकानातली जुनी सॉफ्टवेअर्स ते घेत नाहीत.

आयफोनवाल्यांची वेगळीच कटकट, फोटो एचईआयसी नावाच्या वेगळ्याच फाइलप्रकारात येतात आणि परीक्षेचा फॉर्म बहुतेक जेपीजीच मागतो, तेही 20 ते 50 केबीत वगैरे. सेटिंग्जमध्ये कॅमेरा, मग फॉरमॅट्स, तिथे मोस्ट कम्पॅटिबल निवडलं की पुढचे फोटो जेपीजीतच येतात. आधीचे मात्र कन्व्हर्टच करावे लागतात, नुसतं फाइलच्या नावाशेवटी डॉट जेपीजी लिहिलं तर आतली फाइल तीच राहते आणि फॉर्म परत एरर देतो.