पळून झाल्यावर कुठे थांबता तेही बघा

पणजीत मिरामारच्या किनाऱ्यावर सकाळी पळणारे आपण बरेचजण, पण पळून झालं की थांबतो कुठे? सर्कलकडे रस्त्याच्या कडेला, हातात चहा आणि समोर बस-स्कूटरींचा धूर. मी दोन वर्षं हेच केलं आणि घसा दिवसभर का खवखवतो ते कळत नव्हतं.

बसलेले असताना आपण मिनिटाला 6-8 लिटर हवा घेतो, जोरात पळताना ती 100 लिटरच्याही वर जाते, तीसुद्धा तोंडाने, म्हणजे नाकाची चाळण राहतेच बाजूला. आणि थांबलो की श्वास लगेच खाली येत नाही ना, थोडा वेळ धाप चालूच असते, त्यात धुरातले पीएम 2.5 म्हणजे अगदी बारीक कण खोल फुफ्फुसात जातात, तिथे सूज आणतात. स्नायूंची दुरुस्ती करायची त्या वेळेला शरीराच्या मागे हे आणखी एक काम. धुरातला कार्बन मोनॉक्साइड तर रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा 200 पटीहून जास्त घट्ट चिकटतो, म्हणजे ऑक्सिजनची जागा अडवतो.

म्हणून शेवटची दहा मिनिटं चालायची ती रस्त्यावर नाही, वाळूवर पाण्याच्या बाजूने चाला, स्ट्रेचिंगपण तिथेच, आणि श्वास नाकाने.

निघायच्या आधी समीर ॲपवर एक्यूआय, म्हणजे हवा किती खराब आहे तो आकडा, बघा. 100 च्या आत असेल तर बिनधास्त जा, 200 च्या वर असेल तर घरातच व्यायाम करा, मधे असेल तर पळणं हलकं ठेवा. डिसेंबर-जानेवारीत पहाटे थंड हवा खालीच बसते, पाला-कचरा जाळलेला धूर पण तिथेच अडकतो, त्या दिवसांत मला संध्याकाळी समुद्रावरून वारा सुटल्यावर पळणं जास्त बरं वाटतं. आणि दिवाळीत नरकासुराचे पुतळे जाळतात त्या पहाटे तर नकोच!

घरी आल्यावर मच्छर कॉइल आणि अगरबत्तीच्या खोलीत आडवं पडू नका, हे कोणी सांगत नाही पण तोही धूरच. आधी खिडकी उघडा, बाहेर कोणी काही जाळत नसेल तर.

फरक बघायचाय तर थांबल्या थांबल्या नाडी मोजा, एका मिनिटाने परत मोजा, किती उतरली ते एक्यूआयसोबत वहीत लिहा; जास्त उतरली म्हणजे शरीर लवकर सावरतंय. झोप आणि उकाड्यानेपण आकडा हलतो, त्यामुळे महिनाभर तरी लिहा.

दमा असेल तर पंप खिशात पाहिजेच, छाती आवळली की पळणं तिथेच थांबवा आणि डॉक्टरला दाखवा.