छातीत दुखू लागल्यास काय करावे

रात्री अकराच्या सुमारास घरात कोणाच्या छातीत दुखू लागले, की बहुतेक ठिकाणी पहिली धाव ओव्याच्या किंवा खायच्या सोड्याच्या डब्याकडे असते. जेवायला उशीर झाला होता, मिसळ फार तिखट होती, दुपारी जड पिशवी उचलली होती, अशी कारणेही लगेच सापडतात आणि पुष्कळदा ती खरीही असतात. आमच्या इमारतीतील एक काका मात्र अशाच समजुतीने पहाटेपर्यंत खुर्चीत बसून राहिले, कारण त्यांना मुलाची झोप मोडायची नव्हती. ते वाचले, पण त्यांच्या हृदयाच्या स्नायूची त्या सहा तासांत झालेली हानी भरून आली नाही. म्हणूनच या लेखात कारणांच्या आधी कृती सांगितली आहे. दुखण्याचे नेमके कारण घरी बसून ठरवता येत नाही आणि ते ठरवण्याची गरजही नसते. घरी एवढेच ठरवायचे असते की आत्ता निघायचे, की सकाळी डॉक्टरांकडे जायचे.

प्रथम बसा आणि दुखणे तपासून पाहा

चालत असाल, जिना चढत असाल किंवा गाडी चालवत असाल, तर तिथेच थांबून बसावे. मग दुखणे कसे आहे हे स्वतःला विचारावे. छातीच्या मध्यभागी दडपण आले आहे, दगड ठेवल्यासारखे वाटते आहे किंवा कोणी आवळून धरल्यासारखे होते आहे का? ही कळ खांद्यात, हातात, जबड्यात, पाठीत किंवा पोटाच्या वरच्या भागात जाते आहे का? दरदरून घाम, धाप, मळमळ, अंधारी किंवा जीव घाबरा होणे यांपैकी काही सोबत आहे का? यांपैकी एकाचे जरी उत्तर होय आले आणि दुखणे काही मिनिटांत थांबले नाही, किंवा थांबून पुन्हा आले, तर त्याला हृदयविकाराचा झटका समजूनच पुढची पावले उचलावीत. दुखणे डाव्या बाजूलाच असावे लागते, ही समजूत चुकीची आहे.

मधुमेह असलेल्या व्यक्तींना, वृद्धांना आणि बऱ्याच स्त्रियांना झटक्याच्या वेळी छातीत ठळक कळ येतेच असे नाही. नुसती धाप लागते, अचानक गळून गेल्यासारखे होते, मळमळते किंवा जबडा आणि पाठ दुखते. घरातील बाई असे काही सांगत असेल, तर ‘दिवसभराची दगदग आहे’ असे म्हणून तो विषय मिटवू नये. असे म्हणणारी पुष्कळदा ती स्वतःच असते, म्हणून ऐकणाऱ्याने अधिक सावध असावे.

108 ला फोन करा

महाराष्ट्रात 108 या क्रमांकावर डॉक्टर असलेली रुग्णवाहिका विनामूल्य मिळते. 112 हा क्रमांकही चालतो. पत्ता सांगताना पेठ, जवळचा चौक किंवा मंदिर, मजला आणि इमारतीत लिफ्ट आहे की नाही, हे सारे सांगावे आणि एका माणसाला खाली रस्त्यावर उभे करावे. रुग्णाने स्वतः दुचाकी किंवा गाडी चालवत जाऊ नये. जुन्या वाड्यांत आणि लिफ्ट नसलेल्या इमारतींत ‘मी हळूहळू उतरतो’ असा आग्रह रुग्ण धरतो. तो मानू नये आणि त्याला खुर्चीत बसवून खाली आणावे. रुग्णवाहिकेला फार उशीर होणार असेल, तरच दुसऱ्याने चालवलेल्या गाडीतून निघावे.

वाट पाहताना

रुग्णाला पाठीला आधार देऊन अर्धवट बसवावे, कपडे सैल करावेत आणि खायला काही देऊ नये. अ‍ॅस्पिरिनची अ‍ॅलर्जी नसेल, पोटातील अल्सरमुळे किंवा अन्य कारणाने रक्तस्राव होत नसेल आणि फोनवरील डॉक्टरांनी होकार दिला, तर साधारण 300 ते 325 मिलिग्रॅम अ‍ॅस्पिरिन चावून खाण्यास द्यावी. चावल्याने ती लवकर रक्तात उतरते. शेजाऱ्याच्या डब्यातील सॉर्बिट्रेट ही रक्तवाहिन्या रुंदावणारी गोळी मात्र जिभेखाली ठेवू नये. तिने रक्तदाब एकदम घसरू शकतो आणि लैंगिक क्षमतेसाठीची गोळी आदल्या एक-दोन दिवसांत घेतलेली असेल तर हा धोका फार वाढतो. जोरजोराने खोकल्याने झटका टळतो, हा मोबाइलवर फिरणारा सल्ला निराधार आहे.

रुग्ण बेशुद्ध झाला आणि नीट श्वास घेत नसेल, तर त्याला कठीण पृष्ठभागावर उताणे निजवावे. छातीच्या मध्यभागी दोन्ही तळवे एकावर एक ठेवून, मिनिटाला 100 ते 120 वेळा, 5 ते 6 सेंटिमीटर खोल दाब देत राहावे. मदत येईपर्यंत थांबू नये.

रुग्णालयात

पोहोचल्यावर पहिल्या दहा मिनिटांत ईसीजी व्हावा, असा दंडक आहे, तेव्हा प्रवेशद्वारापाशीच ‘छातीत दुखते आहे’ असे स्पष्ट सांगावे. पहिला ईसीजी चांगला आला म्हणून लगेच घरी परतण्याचा हट्ट धरू नये. ट्रोपोनिन ही हृदयाच्या स्नायूची इजा दाखवणारी रक्ततपासणी काही तासांच्या अंतराने पुन्हा करावी लागते, कारण सुरुवातीला ती निर्दोष येऊ शकते. पैशांची जुळवाजुळव होईपर्यंत घरी थांबून राहू नये. तातडीचे उपचार नाकारता येत नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने 1989 सालीच सांगितले आहे.

इतर कारणे

छातीत अचानक फाटल्यासारखी तीव्र कळ येऊन ती पाठीत गेली, तर महाधमनीचा, म्हणजे हृदयातून निघणाऱ्या मुख्य रक्तवाहिनीचा, आतला पापुद्रा फाटलेला असू शकतो. अशा वेळी अ‍ॅस्पिरिन घातक ठरते, म्हणून ती देऊ नये. लांबच्या प्रवासानंतर, शस्त्रक्रियेनंतर किंवा पायाला प्लॅस्टर असताना एका पोटरीला सूज आली आणि मग धाप लागून छातीत दुखू लागले, तर फुप्फुसात रक्ताची गुठळी अडकल्याची शंका घ्यावी. एका बाजूला एकाएकी दुखून श्वास अपुरा पडणे हे फुप्फुसाभोवती हवा शिरल्याचे लक्षण असू शकते. या तिन्ही वेळी तातडीनेच जावे.

ताप आणि खोकल्यासह श्वास घेताना टोचत असेल, तर न्यूमोनियासाठी त्याच दिवशी तपासणी करावी. बरगडीवर बोट दाबल्यावर नेमके तेथेच दुखणे, उसण भरणे, आडवे झाल्यावर आंबट पाणी घशाशी येऊन जळजळणे, किंवा एका बाजूच्या पट्ट्यात आग होऊन दोन-तीन दिवसांत नागिणीचे फोड उठणे, ही दुखणी जिवावरची नसतात, पण डॉक्टरांना दाखवावीत. आम्लपित्ताच्या औषधाने बरे वाटले म्हणून हृदय निर्दोष ठरत नाही. मनावरील ताणाने छातीत दुखते हे खरे, पण तो निष्कर्ष बाकीच्या तपासण्या झाल्यावर डॉक्टरांनी काढायचा असतो.

चढताना येणारी कळ

पुण्यात पर्वतीच्या 103 पायऱ्या किंवा सिंहगडाची वाट नेमाने चढणारे पुष्कळ आहेत. चढताना छाती भरून येते आणि टेकल्यावर पाच मिनिटांत मोकळे वाटते, असे पहिल्यांदाच झाले असेल, तर ते हृदयाला रक्त कमी पडत असल्याचे लक्षण असू शकते. दुसऱ्या दिवशी पुन्हा चढून खात्री करून घेऊ नये. एक-दोन दिवसांतच हृदयरोगतज्ज्ञांना भेटावे आणि तोवर चढणे बंद ठेवावे. हीच कळ कमी श्रमात, अधिक वेळा किंवा बसल्या जागी येऊ लागली, तर भेटीची वेळ ठरवत न बसता तडक रुग्णालय गाठावे.

चोवीस तास अँजिओप्लास्टीची सोय असलेले घराजवळचे रुग्णालय कोणते, हे आजच शोधून ठेवावे. मध्यवस्तीत राहणाऱ्यांनी, गणपती विसर्जनाला लक्ष्मी रस्ता बंद असतो तेव्हा तेथे कोणत्या वाटेने जायचे, याचाही विचार करावा. रुग्णालयाचे नाव, रोजच्या औषधांची यादी आणि अ‍ॅलर्जी एका कागदावर लिहून तो दाराच्या आतल्या बाजूला चिकटवावा.