कालप्रवाशाचे पत्र प्रेक्षकांसाठी कसे लिहावे

दुसऱ्या आणि तिसऱ्या घंटेच्या मधल्या वेळात, भूतकाळातून आलेल्या एखाद्या रसिकाचे पत्र वाचून दाखवण्याची कल्पना हौशी संस्थांना आवडते. परंतु लिहायला बसल्यावर बहुतेकांच्या हातून रंगभूमीच्या इतिहासावरचा निबंध उतरतो. तो टाळायचा असेल, तर प्रवासी नेमक्या कोणत्या रात्री खुर्चीवरून उठून आला, हे आधी ठरवावे. ‘संगीत नाटकांचा सुवर्णकाळ’ एवढे पुरेसे नाही. ८ जुलै १९२१ ची रात्र घ्या: मुंबईच्या बालीवाला थिएटरात टिळक स्वराज्य फंडासाठी गंधर्व नाटक मंडळी आणि ललितकलादर्श या दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांनी मिळून ‘मानापमान’ केले, बालगंधर्व भामिनी होते आणि केशवराव भोसले धैर्यधर.

या प्रवाशाला त्या रात्रीनंतरचे काहीही सांगू नये, कारण त्याचे अज्ञान हेच पत्राचे खरे बळ आहे. केशवराव तीन महिन्यांच्या आत, ४ ऑक्टोबर १९२१ रोजी वारले. ‘दिवाळीत या दोघांना पुन्हा एकत्र ऐकायचे, म्हणून तिकिटाचे पैसे आजच बाजूला काढले आहेत,’ एवढेच त्याने लिहावे आणि पुढच्या विषयाकडे वळावे. ज्यांना ठाऊक आहे त्यांच्या घशात आवंढा येईल, आणि इतरांसाठी ती तारीख कार्यक्रमपत्रिकेत छापता येईल. पत्रात ती आली, तर सगळे फसले.

‘आमच्या काळी पुरुष स्त्रियांच्या भूमिका करीत’ हे वाक्यही त्याच्या लेखणीतून येऊ नये. नारायणरावांची, म्हणजे बालगंधर्वांची, भामिनी त्याच्या दृष्टीने स्वाभाविकच आहे. त्याला अचंबा वाटायचा तो तुमच्या नायिकेचे काम एक बाई करते याचा. मोबाइल हा शब्द त्याच्याकडे नाही, म्हणून ‘काही मंडळी मांडीवर उजेड घेऊन बसली आहेत’ असे लिहावे. पद संपल्यावर कुणीच ‘वन्स मोअर’ का ओरडत नाही, हे कोडे मात्र त्याला जरूर पडू द्यावे. प्रयोग पुण्याच्या बालगंधर्व रंगमंदिरात असेल, तर १९६८ साली उभ्या राहिलेल्या त्या इमारतीवरचे नाव वाचून तो काय समजेल, याचा विचार करा. मला तर वाटते, नारायणरावांनी स्वतःचे थिएटर बांधले असाच त्याचा समज होईल.

मायना आणि शेवट जुन्या वळणाचा ठेवावा: ‘रसिक मायबाप प्रेक्षकांस सा. न. वि. वि.’ आणि ‘कळावे, लोभ असावा, ही विनंती.’ मधली भाषा मात्र कृत्रिमरीत्या जुनाट करू नये. पत्र अडीच मिनिटांत संपावे. वाचणाऱ्याने ते पाठ न करता हातातल्या कागदावरून वाचावे आणि खालची तारीख उच्चारून होताच तिसरी घंटा द्यावी.