‘जास्त’ दिसलं की बेरीज? आधी पट्ट्या काढा

“मीनाकडे ८ मणी आहेत. ते राजूच्या मण्यांपेक्षा ३ ने जास्त आहेत. तर राजूकडे किती?” बरीच मुलं ‘जास्त’ वाचतात आणि लगेच ११ लिहून मोकळी होतात. त्यांना वजाबाकी येत नाही असं नाही. गोष्ट डोळ्यांसमोर उभीच राहिलेली नसते. म्हणून ‘जास्त म्हणजे बेरीज, उरले म्हणजे वजाबाकी’ असले ठोकताळे कृपा करून शिकवू नका.

त्याऐवजी कागदावर एकाखाली एक दोन पट्ट्या, म्हणजे लांबट चौकोन, काढायला सांगा, एक मीनाच्या मण्यांसाठी आणि एक राजूच्या, डावीकडची टोकं जुळवून. मग विचारा, “लांब पट्टी कुणाची?” मूल “मीनाची” म्हणालं की अर्धं काम झालं. तिच्या अख्ख्या पट्टीवर ८, पुढे आलेल्या तुकड्यावर ३, राजूच्या पट्टीत प्रश्नचिन्ह. आता ८ – ३ = ५ हे बहुतेकदा सांगावंही लागत नाही.

सुरुवातीला मात्र खरे मणी किंवा ठोकळेच ओळीने मांडू द्या. मग त्यांची चित्रं, आणि पट्टी त्यानंतर. इथे घाई केली तर मुलासाठी पट्टी म्हणजे नुसता एक चौकोन उरतो. एकत्र करण्याच्या किंवा काढून घेण्याच्या उदाहरणांना दोन भाग केलेली एकच पट्टी पुरते. उत्तर प्रश्नचिन्हाच्या जागी लिहून गोष्ट पुन्हा मोठ्याने वाचून घ्या.