हायड्रोसीलमधलं ‘सील’ : पाठ करण्याआधी शब्द फोडा

‘हायड्रोसील म्हणजे काय?’ या तोंडी परीक्षेतल्या प्रश्नाला ‘अंडकोषात पाणी साठणं’ हे उत्तर सगळेच देतात. ‘मग यातल्या सीलचा अर्थ काय?’ असं विचारलं की गाडी अडते.

‘हायड्रो’ म्हणजे पाणी. ‘सील’ आलं ग्रीक ‘केले’वरून: फुगवटा, किंवा जागा सोडून बाहेर आलेला अवयव. पहिल्या शतकातला रोमन वैद्यकलेखक सेल्सस लॅटिनमध्ये लिहितो, पण हे नाव ग्रीकांचं म्हणूनच देतो. साठलेलं पाणीही खरं तर ट्युनिका व्हजायनॅलिस या वृषणाभोवतीच्या आवरणाच्या दोन थरांमधला पिवळसर स्राव असतो.

फसगत इथेच होते, म्हणून सावकाश वाचा. ग्रीकमध्ये ‘कोइलोस’ म्हणजे पोकळ, असा दुसराच एक शब्द आहे. सीलोम (शरीरातली पोकळी), ब्लास्टोसील (सुरुवातीच्या गर्भातली पोकळी) त्यातले. रोमन लिपीत तिथे बहुधा एक ‘ओ’ जास्त दिसतो (अमेरिकी वर्णलेखनात तोही गळतो), देवनागरीत मात्र दोन्ही ‘सील’च. तारामाशाच्या अळीत तर ‘हायड्रोसील’ नावाची पोकळीच असते! जीवशास्त्र शिकून आलेल्याच्या मनात ‘सील म्हणजे पोकळी’ बसलेलं असतं, त्यात हायड्रोसील पाहून ‘पाण्याची पिशवी’ची भर पडते. मग सिस्टोसील म्हणजे मूत्राशयात पाणी, असं लिहून मोकळे होतात. सिस्टोसील म्हणजे मूत्राशय योनीमार्गात फुगून उतरणं. पाण्याचा तिथे संबंध नाही.

म्हणून पहिल्या पदाला विचारा: तू काय सांगतोस? आत काय भरलंय ते? हायड्रो, हिमॅटो (रक्त), पायो (पू). कोणता अवयव सरकला ते? सिस्टो (मूत्राशय), रेक्टो (गुदाशय), मेनिंगो (मेंदू-मज्जारज्जूचं आवरण). की जागा? ओम्फॅलोसीलमध्ये बेंबी. व्हेरिकोसीलमध्ये फुगलेल्या शिरा. हा शब्द संकर आहे, ‘व्हेरिक्स’ लॅटिन, ‘केले’ ग्रीक. ग्रीकांचा जुना शब्द किर्सोसील होता. प्रत्ययांच्या तयार याद्या हा प्रश्न विचारत नाहीत, म्हणून माझा त्यांच्यावर विश्वास नाही. शब्द मोठ्याने फोडायला लावणारे शिक्षक मिळाले तर त्यांना सोडू नका.

‘अंडवृद्धी’ हा मराठी शब्दही सैल आहे. रुग्ण तो हर्नियालाही वापरतो. सुश्रुताने वृद्धीचे, म्हणजे अंडकोषाच्या सुजेचे, सात प्रकार केले. त्यात मूत्रवृद्धी वेगळी, आंत्रवृद्धी (आतडं उतरणं, म्हणजे हर्निया) वेगळी. मूत्रवृद्धी चालताना पाण्याने भरलेल्या पखालीसारखी हिंदकळते, असं त्याचं वर्णन आहे. नाव मूत्राचं असलं तरी आत मूत्र नसतं.

घाबरू नका, दहाबारा शब्द फोडले की हात बसतो. पण नाव म्हणजे निदान नव्हे. सुजेच्या वर बोटं पोचतात का पाहा. हर्नियात पोचत नाहीत. अंधारात टॉर्च लावल्यावर हायड्रोसील लालसर उजळतं, पण तान्ह्या बाळाचा हर्नियाही उजळू शकतो. अचानक तीव्र दुखत असेल तर शब्दांचा विचार बाजूला ठेवा: वृषणाला पीळ पडला असेल तर साधारण 6 तासांत तो सोडवावा लागतो. आणि तरुणाच्या नव्या हायड्रोसीलमध्ये सोनोग्राफीआधी सुई घालू नका, मागे वृषणाची गाठ असू शकते.