ट्रेलवरच्या शेल्टरमध्ये रात्र काढायची असेल तर उंदरांचं आधी बघा

अमेरिकेतल्या अ‍ॅपलेशियन ट्रेलवर, म्हणजे साधारण 3500 किमीच्या पायी भटकंतीच्या वाटेत, अडीचशेच्या वर शेल्टर आहेत, पण शेल्टर म्हणजे रूम वगैरे समजू नका, बहुतेक ठिकाणी तीन भिंती, वर छप्पर, खाली फळ्या आणि समोरची बाजू सताड उघडी. बहुतेक ठिकाणी जो आधी पोचला त्याची जागा, म्हणून तंबू सोबत ठेवाच, पावसाच्या दिवशी तर हमखास फुल असतं.

आता मेन गोष्ट, उंदीर. अंधार पडला की फळ्यांखालून खुडबुड सुरू, आणि सॅकच्या खिशात बिस्किटाचा नुसता चुरा जरी राहिला असेल ना, तर ते चेन उघडायची वाट बघत नाहीत, सरळ कापड कुरतडून आत घुसतात. म्हणून खिसे रिकामे करा, सगळ्या चेन उघड्या ठेवा आणि सॅक खुंटीला टांगा, म्हणजे येऊन हुंगून जातील, भोक तरी पाडणार नाहीत. खाणं, टूथपेस्ट, कचरा, वासाचं काहीही झोपायच्या जागेत नको, अस्वलांपासून खाणं वाचवायला लोखंडी पेटी किंवा पिशवी उंच टांगायची केबल असेल तर तिथे, नसेल तर लांब झाडाला उंच टांगा.

हेडलॅम्प लाल लाइटवर ठेवा, शेजारचा आठलाच झोपलेला असतो. आणि इअरप्लग घ्याच, घोरणारा एक तरी असतोच (कधीकधी तो आपणच असतो).